रोहित मोजले; मासळी कोण मोजणार?

नवी मुंबईतील करावे हे खाडीकाठचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. त्यानंतर नव्या शहरासाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या, त्यांपैकी हे एक. आज गावठाणाला सीवूड्सच्या उंच इमारतींनी वेढले आहे. जवळून पाम बीच रस्ता जातो आणि रस्त्यापलीकडे पाणथळ जागा, तिवरांचे रान व खाडी आहे. थंडीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत या पाणथळ जागांवर रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने उतरतात. दुर्बिणी आणि कॅमेरे घेतलेल्या माणसांचीही तेव्हा गर्दी होते.

या जागांवर पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्या अभ्यासांत आणि बातम्यांत जागांची जी नावे येतात, ती पाहण्यासारखी आहेत : टी. एस. चाणक्य, एन. आर. आय. आणि डी. पी. एस. पहिले नाव नौकानयनाचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचे, दुसरे निवासी संकुलाचे आणि तिसरे शाळेचे. चाणक्य संस्थेच्या पत्त्यात करावे आहे, पण पाणथळीच्या नावात करावे नाही. केवळ नावावरून मोठा निष्कर्ष काढू नये हे खरे. तरीही जागेकडे कोण, कोठून पाहत आहे याची थोडी कल्पना त्यातून येते.

समाजाच्या उपयोगी पडेल असे संशोधन व्हावे, याबद्दल आज कोणाचे दुमत नाही. सरकारी योजना, विद्यापीठांची परिपत्रके, पीएच.डी.च्या मुलाखती या सर्वांत ‘समाजोपयोगी’ हा शब्द असतोच. मात्र अशा संशोधनाला पैसा कोणत्या वाटेने मिळतो आणि त्या वाटेमुळे कोणते प्रश्न विचारले जातात व कोणते राहून जातात, याची चर्चा फारशी होत नाही. करावे गावाच्या खाडीवरून ती करता येईल.

एकच पक्षी, दोन प्रश्न

शिवडी ते न्हावा शेवा या २१.८ किलोमीटर लांबीच्या सागरी सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. तो शिवडीच्या ज्या चिखलाटांवरून जातो, तेथे रोहित आणि इतर स्थलांतरित पाणपक्षी मोठ्या संख्येने येतात. त्यामुळे सेतू बांधणाऱ्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने या पक्ष्यांच्या दीर्घ मुदतीच्या अभ्यासासाठी पैसा दिला. हा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे, म्हणजे बी. एन. एच. एस.कडे आला. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा पक्षिअभ्यासातील अधिकार वादातीत आहे. पक्ष्यांच्या पायांत कडी घालणे, नियमित मोजणी करणे, चिखलातील खाद्याचे नमुने घेणे अशी कामे सुरू झाली. २०२२ साली सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवली गेली.

खाडीपलीकडे नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्याच्या निमित्तानेही याच संस्थेला, या वेळी सिडकोकडून, परिसरातील पक्ष्यांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासाचे काम मिळाले होते. येथला मुख्य प्रश्न मात्र वेगळा होता. पक्षी कोठून कोठे, किती उंचीवरून उडतात आणि त्यांच्यापासून विमानांना धोका किती?

म्हणजे पक्षी तोच आणि अभ्यास करणारी संस्थाही तीच; पण सेतूच्या पैशात तो जपण्याचा विषय होतो आणि विमानतळाच्या पैशात सावध राहण्याचा. दोन्ही प्रश्न योग्य आहेत आणि दोन्हींची प्रामाणिक उत्तरे मिळायला हवीत. बांधकाम करणाऱ्याने पैसा दिला म्हणून संशोधकाने हवा तो निष्कर्ष काढून दिला, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. उलट, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याला पूरक म्हणून ज्या सहा पाणथळ जागा सांभाळाव्यात असे याच संस्थेने सुचवले, त्यांत करावे परिसरातील एन. आर. आय. आणि टी. एस. चाणक्य या जागा आहेत. शहराच्या नियोजनकर्त्यांना ही शिफारस फारशी सोयीची नव्हती. पैसा देणारा उत्तर बदलून घेतो असे नेहमी होत नाही. प्रश्न कोणता विचारायचा, हे मात्र बहुतेक वेळा तोच ठरवतो.

पक्षी वाढले म्हणजे खाडी सुधारली?

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. पक्ष्यांची माहिती मिळते आहे ना? याचे उत्तर खाडीच्या जीवशास्त्रात आहे.

येथे येणाऱ्या रोहितांत छोट्या रोहितांची संख्या फार मोठी असते. अलीकडच्या काही हंगामांत दोन्ही जातींची मिळून संख्या लाखाच्या वर गेल्याचे मोजणीत दिसले. छोट्या रोहिताचे मुख्य अन्न म्हणजे नीलहरित शैवाल आणि तत्सम सूक्ष्म वनस्पती. चोच उलटी करून तो पाणी व चिखल आत घेतो आणि चोचीतल्या बारीक झालरीतून गाळून अन्न तेवढे ठेवतो. आता खाडीत शैवाल कशामुळे वाढते? दोन्ही काठांवरच्या शहरांचे सांडपाणी तिच्यात येते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद ही शैवालाची खतेच आहेत. रोहितांची येथील वाढती गर्दी आणि सांडपाण्यातून येणारी ही खते यांचा संबंध असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

हेच शैवाल मेले व कुजले की जिवाणू पाण्यातील विरघळलेला प्राणवायू वापरतात. सांडपाण्यातील सेंद्रिय घाणही तेच करते. मासळीला हाच प्राणवायू लागतो. म्हणजे ज्या कारणाने रोहितांना पंगत मिळते, त्याच कारणाने जिताडा, बोईट आणि कोळंबी यांचा जीव गुदमरू शकतो. फक्त रोहित मोजले तर खाडीची तब्येत उत्तम वाटेल. पाग टाकणाऱ्याच्या जाळ्यात पाहिले तर वेगळेच दिसेल.

वर्गात हे उदाहरण जरूर सांगावे. तापमापक रक्तदाब सांगत नाही, तशी एका जातीची संख्या सगळ्या परिसंस्थेची प्रकृती सांगत नाही. कोणते माप घ्यायचे हा वैज्ञानिक निर्णय असतो, पण ते माप घेण्यासाठी पैसा कोणी दिला यावरही तो अवलंबून असतो.

मासळीच्या नोंदीचे महत्त्व व्यवहारातही आहे. सागरी सेतूमुळे मासेमारीवर होणाऱ्या परिणामाबद्दल मच्छीमारांना भरपाई देण्याचे धोरण ठरले. भरपाई न्याय्य ठरवायची तर आधी किती मासळी मिळत होती हे माहीत हवे. कोणत्या महिन्यात, उधाणाला किती, भांगाला किती, डोलीत काय आणि पागात काय, अशी वर्षानुवर्षांची नोंद हवी. पक्ष्यांची अशी नोंद आहे. मासळीची, गावागणिक आणि सलग, कोणी ठेवली? ती नसली की ‘पूर्वी टोपली भरायची’ हे म्हाताऱ्या मच्छीमाराचे म्हणणे केवळ आठवण ठरते. पुरावा ठरत नाही.

महाविद्यालयातले बिनगाजावाजाचे काम

ठाण्याच्या खाडीबद्दल असे काम कोणी केलेच नाही, असे मात्र नाही. ठाण्याच्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक आर. पी. आठल्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे या खाडीचे पाणी, गाळ, चिखलातले किडे, निवटी आणि मासळी यांचा अभ्यास केला. गोल्डिन क्वाड्रोस यांच्यासारखे संशोधक याच परंपरेतले. पूल बांधायचा आहे म्हणून हा अभ्यास झाला नाही. महाविद्यालय खाडीच्या काठावर आहे आणि तेथले शिक्षक व विद्यार्थी रोज ती पाहत होते, म्हणून झाला. खाडीतील वाढता गाळ, प्रदूषण आणि घटती मासळी यांबद्दल आज जे खात्रीने बोलता येते, त्यात या कामाचा वाटा मोठा आहे.

असे काम मोठ्या पैशावर चालत नाही. त्याला लागते ते थोडे, पण न तुटणारे अनुदान. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघु संशोधन प्रकल्प महाविद्यालयीन शिक्षकांना यासाठी उपयोगी पडत. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ साली संपली आणि ही वाट आटली. विद्यापीठे स्वतः लहान अनुदाने देतात, पण एका वर्षाच्या पैशात खाडीचे एकच वर्ष दिसते. खाडी समजायला दहा-पंधरा वर्षे लागतात.

फेलोशिपचा हिशेब

दुसरी वाट म्हणजे पीएच.डी.च्या फेलोशिप. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात फेलोशिपची संख्या मर्यादित करण्याचा विषय निघाला, तेव्हा त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, अशा आशयाचा प्रश्न केला. त्यावर बरीच टीका झाली. प्रश्नातला तुच्छतेचा सूर बाजूला ठेवला, तर लोकांच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा लोकांना काय उपयोग, हे विचारण्याचा अधिकार लोकांना नक्कीच आहे. मात्र तो प्रश्न विद्यार्थ्यांना विचारण्याआधी व्यवस्थेला विचारला पाहिजे.

समजा, करावे गावातील एखाद्या मुलीला महाज्योतीची फेलोशिप मिळाली. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांमुळे ज्यांच्या घरात आधी कोणी पदवीधरही नव्हते अशी मुले संशोधनात आली, ही मोठी गोष्ट आहे. गावचे प्रश्न जवळून माहीत असलेला संशोधक यातूनच तयार होऊ शकतो. या मुलीने आपल्या गावच्या मासळीवर काम करायचे ठरवले, तर पुढे काय होईल?

नेट उत्तीर्ण कनिष्ठ संशोधकाला आयोगाची फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. जगण्यापुरते हे बरे आहे. परंतु विज्ञान शाखेसाठी पहिल्या दोन वर्षांत आकस्मिक खर्चाला मिळतात वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,०००. होडीचे भाडे, बाटल्या, रसायने, प्रवास हे सर्व त्यातच भागवायचे. नेट नसलेल्यांची अवस्था याहून कठीण. केंद्रीय विद्यापीठांत त्यांना महिना ८,००० रुपये मिळत. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ती योजनाच बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा दिल्लीत विद्यार्थी आयोगाच्या दारात जाऊन बसले. राज्यांच्या विद्यापीठांतील मुलांना तर या योजनेचा लाभ कधी नव्हताच.

पैशाइतकीच वेळेचीही अडचण आहे. पैसा वेळेवर येत नाही, अशी तक्रार फेलोशिप घेणाऱ्या मुलांकडून वारंवार ऐकू येते. खाडी त्यांच्यासाठी थांबत नाही. ऑगस्टमधील नमुना राहिला तर तो पुढच्या ऑगस्टपर्यंत मिळत नाही, आणि मधले वर्ष कोरे राहते.

शेवटी प्रबंध तयार होतो. तो बहुधा इंग्रजीत असतो, तज्ज्ञ तपासतात आणि तो ग्रंथालयात जातो. २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली, हे ठीक झाले. पण ज्यांच्या गावावर अभ्यास केला त्यांना निष्कर्ष त्यांच्या भाषेत सांगावेत, अशी अट ना जुन्या नियमांत होती, ना नव्या. तेव्हा दिवे लागले तरी ते ग्रंथालयात लागतात. गावात उजेड पोहोचेल अशी सोय कोणी केलेलीच नाही.

योजनांची भाषा आणि योजनांचे माप

तिसरी वाट म्हणजे खास ‘समाजाभिमुख’ म्हणून काढलेल्या योजना. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘स्ट्राइड’ ही योजना जाहीर केली. समाजाला उपयोगी आणि स्थानिक गरजेतून आलेल्या संशोधनाला बळ देणे हा तिचा हेतू. भाषा उत्तम आहे. पण समस्या सोडवणाऱ्या संशोधनासाठीचे तिचे अनुदान ५० लाखांपासून १ कोटीपर्यंतचे. करावे गावच्या मासळीची दहा वर्षे नोंद ठेवायला इतके लागणार नाही, आणि ठाण्याच्या किंवा पनवेलच्या एखाद्या लहान महाविद्यालयाला इतका मोठा प्रकल्प पेलणेही अवघड. शर्ट शिवायचा असताना पडद्याचे अख्खे ठाण घ्यायला सांगावे, तसा हा प्रकार आहे.

२०१४ चे उन्नत भारत अभियान संस्थांना खेडी दत्तक घ्यायला सांगते. कल्पना चांगली, पण करावे १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तेथे ग्रामपंचायत नाही, म्हणून ते योजनेच्या अर्थाने खेडे नाही. आणि गावठाणाचे प्रश्न शहराचे नाहीत. अशी गावे दोन्ही याद्यांतून सुटतात.

आपल्याकडचा सर्वांत विचारपूर्वक झालेला प्रयत्न म्हणजे उन्नत महाराष्ट्र अभियान. आय. आय. टी. मुंबईतील ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून काम करते. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील विद्यार्थ्यांना कर्जतसारख्या तालुक्यांत पिण्याच्या पाण्याचे प्रश्न अभ्यासायला लावले. त्या अनुभवातून २०१६ साली राज्य सरकारने हे अभियान सुरू केले. जिल्हा प्रशासनाने प्रश्न पुढे ठेवायचा, जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने त्याचा अभ्यास करायचा, अशी ही रचना. यात प्रश्न स्थानिक असतो आणि उत्तर वापरणाराही ठरलेला असतो. एक उणीव मात्र राहते. प्रश्न विचारण्याचा मान प्रशासनाकडे आहे. ज्या प्रश्नात प्रशासन स्वतःच एक पक्ष आहे, तो या वाटेने कसा येणार?

आता २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले आहे. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची उभारणी करायची, आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून, विशेषतः उद्योगांकडून यावा, अशी कल्पना आहे. उद्योगांनी संशोधनाला पैसा द्यावा हे बरेच. परंतु खाडीतली मासळी का घटली, हा प्रश्न कोणता उद्योग स्वखुशीने पुरस्कृत करील, याचाही विचार व्हायला हवा.

दुसरीकडे काय केले?

नेदरलँड्समधील विद्यापीठांत १९७० च्या दशकात ‘विज्ञानाची दुकाने’ सुरू झाली. दुकान म्हणायचे, पण विक्री नाही. रहिवासी संघ, कामगार संघटना, पर्यावरण गट यांनी आपला प्रश्न आणायचा. प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी तो अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सोडवणार. सुरुवातीच्या काळात ढोबळमानाने तीन अटी असत. विचारणाऱ्याकडे संशोधन विकत घेण्याइतका पैसा नसावा, त्यात व्यापारी हेतू नसावा आणि मिळालेले उत्तर वापरण्याची त्याची तयारी असावी. पैसा विद्यापीठाचा आणि प्रश्न गावाचा, अशी ही विभागणी.

आपल्या देशातही नमुना आहे. केरळात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेत स्थानिक पातळीवरील विकासाच्या संशोधनाचा एक कार्यक्रम नेदरलँड्स सरकारच्या साहाय्याने चालला. त्यात लहान लहान अनुदाने दिली गेली आणि विद्यापीठाबाहेरच्या अभ्यासकांनाही ती मिळाली. योजना विकेंद्रित करायची तर तिच्यामागचा अभ्यासही विकेंद्रित हवा, हा त्यामागचा विचार.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. गावाने प्रश्न ठरवला तर गावाला हवे तेच उत्तर येईल. मग संशोधन आणि चळवळ यांत फरक काय राहिला? आक्षेप रास्त आहे, पण तो बांधकाम प्राधिकरणाच्या पैशालाही लागू पडतो. दोन्हीकडे उपाय एकच : प्रश्न कोणीही विचारावा, पद्धत मात्र विज्ञानाची असावी, आणि उत्तर विचारणाऱ्याच्या विरुद्ध गेले तरी ते जाहीर व्हावे. करावे गावच्या मासळीची घट सेतूमुळे नसून बारीक आसाच्या जाळ्यांमुळे आहे, असेही उद्या आढळू शकते. ते ऐकण्याची तयारी गावाने ठेवली पाहिजे. २०२४ च्या एप्रिलमध्ये डी. पी. एस. तलावाजवळ काही रोहित मरून पडले, तेव्हा भरतीचे पाणी तलावात येण्याच्या वाटा बंद झाल्याची तक्रार पुढे आली. अशा वेळी दोन्ही बाजूंना मान्य अशी जुनी, उघडी नोंद असली तर वाद आठवड्यात मिटतो. नसली तर प्रत्येक जण आपापले छायाचित्र दाखवत राहतो.

काय मागावे?

मागणी फार मोठी नाही. खाडीसारख्या सार्वजनिक जागेवर ज्या प्रकल्पाचा परिणाम होतो, त्याच्याकडून संशोधनासाठी घेतलेला पैसा थेट अभ्यासकाला न देता विद्यापीठाकडे एका वेगळ्या निधीत ठेवावा. त्यातून काय अभ्यासायचे, हे ठरवताना पक्षितज्ज्ञांबरोबर मच्छीमार संस्थांचे प्रतिनिधीही असावेत. अनुदान लहान असावे, पण दहा वर्षांचे असावे. सर्व आकडे उघडे असावेत. आणि दरवर्षी अहवालाचा मराठी सारांश गावात वाचून दाखवावा.

शिक्षकांसाठी आणि पुढे संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी येथे चार प्रश्न सुचवावेसे वाटतात. वर्तमानपत्रात एखाद्या अभ्यासाची बातमी वाचली की ते वर्गात विचारावेत. प्रश्न कोणाच्या गरजेतून आला? पैसा कोणी आणि किती काळासाठी दिला? कशाचे माप घेतले आणि कशाचे घेतले नाही? उत्तर कोणाला, कोणत्या भाषेत सांगितले? या प्रश्नांमुळे संशोधनावर अविश्वास वाढत नाही. ते किती दूरपर्यंत खरे आहे, एवढे कळते.

आणि नोंद सुरू करायला कोणाच्या अनुदानाची वाट पाहायलाच हवी असेही नाही. खाडीकाठच्या एखाद्या शाळेने नववीच्या मुलांकडून महिन्यातून दोनदा, एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला, गावच्या चार होड्यांची मासळी मोजून घेतली, जाती आणि वजन वहीत लिहिले, तर पाच वर्षांत एकशेवीस दिवसांची नोंद जमेल. वजनकाटा, वही आणि शिकवणारा शिक्षक एवढेच त्याला लागते. उद्या एखादी संशोधक मुलगी फेलोशिप घेऊन गावात आली, तर तिला कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.